पेपर विकलात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

गेल्या महिन्यात म्हार्दोळला एका लग्नात जेवताना माझ्या शेजारी एक पंचविशीतला मुलगा बसला होता. खतखतं वाढून झालं, सोलकढी आली, आणि मग धीर करून तो म्हणाला, "भाई, राग मानू नका हं. तुम्ही पेपर विकलात आणि त्या बदल्यात विद्यापीठातली खुर्ची घेतलीत, असं आमचे बाबा म्हणतात. खरं का?" त्याचे बाबा समोरच्याच रांगेत होते. त्यांनी लगेच पापडात लक्ष घातलं.

सत्कारात हाच प्रश्न शाल पांघरून येतो. "वकिली, वृत्तपत्र आणि विद्यापीठ, भाईंनी तिन्ही क्षेत्रं गाजवली. कशी जमली, ते आता त्यांच्याच तोंडून ऐकू या." मी उठतो, दोन विनोद सांगतो आणि नारळ घेऊन घरी येतो. सूत्रसंचालकाला जे म्हणायचं नसतं ते त्या मुलाने म्हटलं, एवढाच फरक. म्हणून हे त्याच्यासाठी, आणि पापडवाल्या बाबांसाठीही.

पेपर कुठला, त्यात कोण कोण होते, कुणाचे पगार किती महिने थकले, हे तुम्हाला माहीत आहे. विचारणाऱ्यांतले निम्मे तो वाचतच मोठे झाले. (वर्गणी न भरता. पण ते असो.)

वकिलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 1973 साली पणजीत कायद्याचं कॉलेज निघालं नसतं तर मला बेळगाव गाठावं लागलं असतं आणि तेवढे पैसे घरात नव्हते. सनद घेतली तेव्हा कूळ कायद्याची 1976 ची दुरुस्ती नुकतीच आली होती, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा मुंडकार कायदा एक वर्ष आधीचा. त्यामुळे नवशिक्या वकिलालाही मामलेदाराच्या कचेरीत उभं राहायला काम होतं. माझी कुळं फी म्हणून सुरय तांदूळ आणायची, क्वचित फणस. समोरचे भाटकार, म्हणजे जमीनमालक, पोर्तुगीज दस्तऐवज घेऊन यायचे आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. एका म्हाताऱ्या नोटरीकडे दोन पावसाळे संध्याकाळी बसून ती भाषा वाचण्यापुरती शिकलो. बोलता अजून येत नाही.

वकिली चांगली चालली होती, हे खरं. मग पेपर का काढलात? तेव्हा मी सगळ्यांना 'समाजासाठी' असं सांगायचो. खरं कारण असं की म्हापशाला माझ्या वडिलांचं ट्रेडल मशीन होतं. लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, जत्रेच्या पावत्या छापायचे. प्रत्येक कागदाच्या तळाला बारीक टाइपात त्यांच्या छापखान्याचं नाव. लहानपणी मी लोकांच्या घरी गेलो की पत्रिका उलटीसुलटी करून ते नाव शोधायचो. मला माझं नाव रोज, शेवटच्या पानाच्या तळाला, मुद्रक आणि प्रकाशक म्हणून छापलेलं बघायचं होतं. बत्तिसाव्या वर्षी माणूस एवढ्याशा हौसेपायी बरंच काही करतो.

1985 साली जिल्हाधिकाऱ्यांसमोर डिक्लरेशन केलं आणि सनद बार कौन्सिलकडे जमा केली. तेव्हा एक गंमत लक्षात आली होती. ज्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यावर मी पोट भरत होतो तो 1867 सालचा. आणि वृत्तपत्र नोंदणीचा इंग्रजांचा कायदा, ज्याच्या हाताखाली आता जाणार होतो, तोही 1867 सालचाच. दोन वेगळ्या सरकारांनी एकाच वर्षी माझ्यासाठी दोन सापळे लावून ठेवले होते. दुसऱ्यातलं एक कलम मी कॉलेजात रात्रीच्या वर्गाला पुरावा कायदा शिकवताना नेहमी सांगायचो: अंकावर छापलेलं संपादकाचं नाव हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. पोरं हसायची. मीही हसायचो.

पहिल्या सापळ्याबद्दल माझ्या बायकोला विचारा. गोव्यात लग्न झालं की मिळकत दोघांची निम्मी निम्मी, आणि घर गहाण टाकायचं तर बायकोची सही लागते. ऑफसेट मशीनसाठी म्हापशाचं घर बँकेकडे ठेवायचं ठरलं तेव्हा ती बँकेत आली, मॅनेजरने दाखवलेल्या सात जागी सह्या केल्या आणि पेनाला टोपण लावताना एवढंच म्हणाली, "म्हणजे नुकसानही निम्मं माझं." मॅनेजर हसला. ती हसली नव्हती. पेपर 'भाईंचा' म्हणून तुम्ही चोवीस वर्षं ओळखलात, कायद्याने तो निम्मा तिचा होता. 'विकलात का' हे तिला एकानेही विचारलेलं नाही.

सुरुवातीची वर्षं धमाल होती. 5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल कोसळला तेव्हा पेपरला वर्षही झालं नव्हतं. छपाई पणजीला, मळा नावाच्या भागात. नदीपलीकडच्या बारदेश तालुक्याचे गठ्ठे पहाटे टेम्पोत टाकून निघायचे ते आता हमालाच्या डोक्यावरून फेरीबोटीत चढायचे, ताडपत्रीखाली, आणि पलीकडे बेतीला दुसरा टेम्पो. कित्येकदा मी स्वतः गठ्ठ्यांवर बसून मांडवी ओलांडली आहे. नंतर त्याच वर्षी कोंकणी की मराठी यावरून भाषेचं आंदोलन पेटलं, माणसं मेली, आणि 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा झाला. मराठी पेपर काढतो म्हणजे विलीनीकरणवाला, गोवा महाराष्ट्रात घाला म्हणणारा, असा शिक्का माझ्यावर तेव्हा बसला तो आजतागायत आहे. माझी आई रागवायची कोंकणीत आणि पोथी वाचायची मराठीत, तिला यात काही अडचण दिसली नाही. मलाही नाही. यावर याहून जास्त बोलणार नाही, नाहीतर पुढचं राहून जाईल.

पहिल्या अंकातला माझा अग्रलेख लॅमिनेट केलेला आहे. त्यात एक वाक्य आहे: "आम्ही कुणाचे मिंधे नाही, आणि ज्या दिवशी होऊ त्या दिवशी हा अंक निघणार नाही." अरे बाबा, असं लिहायचं नसतं! पगाराची तारीख महिन्यातून एकदा येते, आणि मिंधेपणा कधी आला ते कळतही नाही. तो काही दार वाजवून येत नाही. त्या पोराला हे सांगावंसं वाटतं. पण तो मला उलट विचारेल की मग त्या दिवशी अंक का निघाला.

तो दिवस सांगतो.

2008 चा जून. चीनच्या मागणीमुळे लोहखनिजाच्या खाणी रात्रंदिवस चालल्या होत्या, रस्त्यावर ट्रकांची माळ तुटत नव्हती. सांगे तालुक्यातला आमचा एक वार्ताहर होता. नाव लिहीत नाही, तो हे वाचेल. प्राथमिक शाळेत शिक्षक, बातमी छापून आली तर कॉलमच्या मापाने पैसे, तेही उशिरा. पाऊस लागायच्या आधी तो दोन बसेस बदलून मळ्यात आला. पिशवीत आठ फोटो. गावाच्या वरच्या अंगाला खाणीचा डंप होता, म्हणजे उपसलेल्या मातीचा डोंगर, त्याला आडवी भेग गेली होती, माणसाचा हात आत जाईल एवढी. एका फोटोत त्याने खरंच हात घालून दाखवला होता. खाली शेतं, शेतात तरवा, भाताची रोपं, नुकता हिरवा झालेला. पंच बोलला होता, दोन म्हातारे बोलले होते. हा डंप या पावसात टिकणार नाही, अशी बातमी.

मी विचारलं, "लीज कुणाच्या नावावर आहे? कागद?" त्याच्याकडे नव्हता. "प्रदूषण मंडळाला गावाने पत्र दिलं आहे का? त्याची पोच?" दिलं होतं, पोच सरपंचाकडे. "मग आण." दोन दिवसांनी तो पोच घेऊन आला. मी म्हटलं, लीजचा नकाशा हवा, डंप लीजच्या आत आहे की बाहेर ते कळल्याशिवाय आपण उघडे पडू. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भाई, हांव खबर हाडटां, तुमी कागद मागतात." मी बातमी आणतो, तुम्ही कागद मागता. चहा न घेता गेला.

आता माझी बाजू ऐका. बदनामीच्या फौजदारी खटल्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी छापलं हेही दाखवावं लागतं, आणि दाखवेपर्यंत तारखांना जायचं कोणी, तर मुद्रक-प्रकाशकाने. असले तीन खटले माझ्यावर आधीच होते. त्यातला एक पेडण्याचा, तिथे जाऊन यायला अख्खा दिवस मोडायचा. कागद मागणं ही माझी भित्री सवय नव्हती, ती माझी विद्या होती. अजूनही मी हेच म्हणतो.

आणि आता दुसरी बाजू, कारण ती तुम्ही काढणारच. त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर पानभर रंगीत जाहिरातीची रिलीज ऑर्डर होती. कुणाची, ते ओळखा. कुणी फोन केला नाही, कुणी सुचवलं नाही, शपथेवर सांगतो. पण ती ऑर्डर ज्या खणात होती त्याच खणात मी फोटोंचं पाकीट ठेवलं. दुसरा खण रिकामा होता. खाणीचं नाव न घालता, नुसत्या भेगेची बातमी मला देता आली असती. चार ओळी, एक फोटो, 'ग्रामस्थांत भीती'. त्याला कुठल्याही कोर्टात काहीही झालं नसतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. बावीस-तेवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्या अशाच कापून वाचवत आलो होतो आणि नेमकं तेव्हा सुचलं नाही. का सुचलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे दिवसागणिक बदलतं.

अकरा दिवसांनी, शनिवारी रात्री, डंप खाली आला. माणूस दगावला नाही. सात-आठ घरांची शेतं लाल चिखलाखाली गेली, तरवा गेला, विहीर बुजली. रात्री साडेदहाला वार्ताहराचा फोन. तो शांत होता. ठिकाण, वेळ, नुकसान, सगळं नीट सांगितलं, मी स्वतः उतरवून घेतलं. शेवटी म्हणाला, "फोटो तुमच्याकडे आहेतच."

डाक आवृत्ती सुटली होती, शहर आवृत्तीचं पहिलं पान मोडलं. मी पाकीट काढलं, भेगेचा सगळ्यात चांगला फोटो निवडला, स्कॅन करून पानात लावला, मथळा केला. माझ्या पेपरने काढलेल्या चांगल्या पानांपैकी ते एक होतं. मग पान लावणाऱ्या मुलाने स्क्रीनवर बोट ठेवलं. उजव्या कोपऱ्यात, खाली, कॅमेऱ्याने उमटवलेले नारिंगी आकडे होते. 03 06 2008.

"भाई, ही तारीख?"

हॉलमध्ये पाच माणसं होती. पंखा होता, खाली मशीन गरम होत होतं, प्लेटवाला जिन्यात उभा होता. मी म्हणालो, "काप."

त्याने कापली. त्याला काही विशेष वाटलंही नसेल, कोपरे रोजच कापतात. ओळीत लिहिलं: 'दुर्घटनेपूर्वी डंपला गेलेली भेग'. पूर्वी म्हणजे किती, ते वाचकाला कळायचं कारण उरलं नाही. वीस वर्षं वर्गात उभा राहून पुराव्यात फेरफार म्हणजे काय हे शिकवणाऱ्या माणसाने एवढं दोन सेकंदांत केलं. सकाळी फोन खणखणले. सगळ्यात आधी पोहोचलात भाई, शाबास. आमदारांनीही शाबास म्हटलं.

आठ दिवसांनी टपालाने एक पाकीट आलं. आत तोच फोटो, पोस्टकार्ड आकाराची नवी प्रत, पूर्ण. चिठ्ठी नाही. पुढे त्याने आमच्यासाठी ओळही लिहिली नाही आणि मीही फोन केला नाही. करायला हवा होता हे मला कळतं, कृपा करून ते सांगायला कुणी येऊ नका.

जाहिरात? छापली. महिनाअखेरीस, थोडी आतल्या पानावर.

पेपर बंद पडला तो ऑगस्ट 2009 मध्ये, आणि तो कर्जाने. तो या प्रकरणाने बंद पडला असं म्हटलं तर गोष्ट छान होईल, पण खोटी होईल. कागद महागला होता, मोठ्या पेपरांच्या रंगीत आवृत्त्या कमी किमतीत दारात पडत होत्या, एजंटांकडे थकबाकी. शीर्षक मी विकलं नाही, आजही माझ्याकडे पडून आहे. मशीन विकलं, हुबळीच्या एका छापखान्याला. ते उतरवून ट्रकवर चढवायला दीड दिवस लागला, आणि आलेल्या पैशांतून कामगारांची ग्रॅच्युइटी आधी दिली, बँक नंतर. तेव्हा 'विकलं' म्हणाल तर विकलं. लोखंड विकलं.

आणि खुर्ची. घाटावरच्या एका खाजगी विद्यापीठाने मला कुलसचिव म्हणून बोलावलं, 2010 मध्ये. कायदा येतो, कारभार केलेला आहे, शिकवलेलं आहे, माणूस रिकामा आहे. माझी पात्रता ही एवढी. कुलगुरू नव्हे, कुलसचिव. सत्कारवाले मला परस्पर बढती देतात. विश्वस्तांपैकी एकाची खाण होती का? होती. तीच? नाही, दुसरी, आणि कर्नाटकात. मला ते रुजू होण्याआधी माहीत होतं का? होतं. आता यातून तुम्हाला जो निकाल काढायचा तो काढा. मी त्या पदावर सहा वर्षं पगार घेऊन काम केलं, म्हापशाचं घर सोडवलं, आणि बायकोचं निम्मं नुकसान तिला परत केलं. निदान पैशांत.

विद्यापीठात काय केलं? सह्या केल्या. विद्यापीठावर कुणीही रिट केली की प्रतिवादी 'कुलसचिवांमार्फत', म्हणजे मी. मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीतून सुटलो आणि या ओळीत अडकलो. तिथे माझं टोपणनाव 'तारीख' होतं, हे मला निवृत्तीच्या दिवशी शिपायाने सांगितलं. कुठल्याही कागदावरची तारीख मी बदलू दिली नाही. मागची तारीख टाकून ठराव करायचा, आवकच्या शिक्क्यातला आकडा पेनाने सुधारायचा, हे सगळीकडे चालतं, माझ्याकडे चाललं नाही. याचं मला कौतुक वाटायचं. मग एक मुलगी आली, परीक्षेचा अर्ज एक दिवस उशिरा. घाटात दरड पडून तिची बस रात्रभर अडकली होती. तिने बसचं तिकीट पुढे केलं, मी त्या तिकिटावरची तारीख नीट वाचली, आणि अर्ज फेटाळला. कुलगुरूंनी दुसऱ्या दिवशी माझा निर्णय फिरवला, बरं झालं. कापलेल्या तारखेची फेड मी त्या मुलीच्या वर्षातून करायला निघालो होतो.

10 सप्टेंबर 2012 ला, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर, गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा मला तिथे फोन आले. "भाई, आत्ता पेपर असता तर!" मी "हो ना" म्हणालो. पेपर नाही याचं मला हायसं वाटलं होतं.

पण खरा दणका 21 एप्रिल 2014 ला बसला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी कुलसचिवाच्या खोलीत दार लावून वाचला, वकील वाचतो तसा, पेन्सिल घेऊन. गोव्यातल्या जुन्या खाणींची सगळी लीजं, नूतनीकरण धरून, 22 नोव्हेंबर 2007 ला संपली, असं न्यायालयाने ठरवलं. त्यानंतरचं खोदकाम बेकायदा. पेन्सिल तिथेच थांबली. 2008 च्या जूनमध्ये मी ज्या लीजचा कागद त्या मास्तराकडे मागत होतो ते लीजच कायद्याच्या हिशोबात तेव्हा उरलेलं नव्हतं. मी त्याला नसलेल्या गोष्टीचा नकाशा आणायला पाठवत होतो. अर्थात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, ना मला, ना सरकारला, ना खाणवाल्याला, असं म्हणता येईल. मी तसं म्हणतोही. वकिलाला पळवाट सापडतेच.

त्या मुलाला लग्नात मी काय उत्तर दिलं, ते राहिलं. मी म्हणालो, "पेपर नाही विकला रे." त्याला ते पुरलं असावं, तो जिलबीकडे वळला. त्याच्या बाबांनी पहिल्यांदा वर बघितलं.

हे लिहायला घेतलं तेव्हा टपालाने आलेला तो फोटो काढून समोर ठेवला. सतरा वर्षांत मी त्यातली तारीखच बघत आलो होतो. काल भिंग लावून पाहिलं तर तारखेच्या मागे, त्याच कोपऱ्यात, लाल मातीवर एक सावली पडली आहे. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन कुणीतरी उभं आहे, दोन्ही कोपरं वर उचललेली. कॅमेरा धरलेला तो. पानात लावताना मी त्यालाही कापला होता. बायकोला दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "याचे कॉलमचे पैसे दिले होते का?"

जुन्या वह्या माळ्यावर आहेत. उद्या काढून बघतो.